खानापूरकडे तोंड केलेली गाडी

पावसाळ्याआधी आमच्या घरी ओसरीच्या कडेला सरपण रचतात. नंतर त्यातलं एक लाकूड ओढायला जावं, तर वरची चार घरंगळत पायावर येतात. आप्पांच्या गोष्टींचं असंच आहे. पुण्याच्या वसतिगृहात मी मित्रांना एक सांगायला बसलो की मागोमाग चार निघायच्या आणि मेसमधला भात गार व्हायचा. मित्र म्हणायचे, "अरे, लिहून ठेव!" मला वाटायचं, त्यात काय लिहायचं, घरोघरी असंच असणार.

आता कळतंय, नसतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षांपूर्वी ते खानापूरजवळच्या आपल्या गावातून बैलगाडी भरून या जोयड्याच्या जंगलात आले. रेल्वेच्या रुळांखाली घालायची लाकडं तोडायचं काम होतं. काम चार महिन्यांचं. ते संपलं. मग एका उतारावर थोडं भात करून बघितलं. मग माझी थोरली बहीण झाली, मग मी झालो. दिग्गीच्या वाटेवरच्या एका वाडीत आमचं घर उभं राहिलं, गोठा झाला, बहिणीचं लग्नसुद्धा याच अंगणात लागलं. पण आप्पांना कुणी विचारलं, "कुठले तुम्ही?" की उत्तर ठरलेलं.

"खानापूरकडचं. हितं चार दिस आलोय."

तीस वर्षं झाली, ते चार दिवस काही संपलेले नाहीत!

वाडीतले बाकीचे सगळे कुणबी. पिढ्यान् पिढ्या याच डोंगरातले. ते आप्पांना नावाने हाक मारत नाहीत. "पावणो" म्हणतात. आमचं घर म्हणजे पावण्याचं घर, आमची म्हैस म्हणजे पावण्याची म्हैस. आणि गंमत म्हणजे आप्पांना यात अपमान वाटत नाही. उलट, चुकून कुणी नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत.

* * *

चार दिवसांसाठी आलेला माणूस अंगणात काही रोवत नाही. म्हणून आमची तुळस घासलेटच्या डब्यात.

आई दर वर्षी म्हणते, "एक दगडी वृंदावन बांधा की हो."

आप्पा म्हणतात, "दगडाचं वृंदावन गाडीत घालून न्यायचं कसं?"

दोन-तीन वर्षांनी डबा गंजतो, मग लोंड्याच्या बाजारातून नवा डबा येतो. कार्तिकात आई डब्याला गेरू लावते, वर ऊस बांधते आणि तुळशीचं लग्न लावते. एकदा माझी बहीण म्हणाली, "आई, हिची इतकी लग्नं झाली, पण हिला अजून सासर मिळालं न्हाई!" आई हसली, आप्पा हसले नाहीत.

फणसाची गोष्ट याहून भारी. गोठ्यामागे आमचा मोठा फणस आहे. लहानपणी मी विचारलं होतं, "आप्पा, हा कुणी लावला?"

"कुनी न्हाई. आठळी टाकली हुती, त्येचं त्येनं आलं."

"मग आपलाच ना?"

"आपला कसा? जंगलाचा."

हा जंगलाचा फणस वैशाखापासून आम्ही रोज खायचो! एकदा शेजारचा एक पोरगा वर चढला, तर आप्पा काठी घेऊन धावले. "आमच्या फनसाला हात लावतोस व्हय रे?"

समोरून सोमू गावकर येत होते. गावकर म्हणजे वाडीचे प्रमुख, देवाचं सगळं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "पावण्या, फणस जंगलाचो न्हय?"

आप्पांनी काठी खाली घेतली. मग म्हणाले, "जंगलाचाच. पन राखन माजी हाय!"

* * *

ज्या गाडीतून आप्पा आले, ती गाडी अजून आमच्या छपरात उभी आहे. दांडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे खानापूरकडे. निघायचं झालं तर वळवण्यात वेळ जायला नको! वर्षातून दोनदा आप्पा चाकांना वंगण घालतात, दोर बदलतात, खिळे ठोकतात. या गाडीतून शेण न्यायचं नाही, भात आणायचं नाही. भात आमच्याकडे डोक्यावरून येतं. गाडी फक्त एकाच कामासाठी. एकदाच जायचं, ते सगळी गाडी भरून. तोवर आप्पा रिकाम्या हातांनी गावाकडे फिरकायलाही तयार नाहीत. काका एक-दोनदा येऊन गेले, पण आप्पा तीस वर्षांत तिकडे गेले नाहीत.

एका वर्षी गावकरांनी गाडी मागितली, मुलीच्या लग्नाचं सामान न्यायला.

"दिली असती," आप्पा म्हणाले, "पन आमास्नी उद्या निघायचं झालं तर?"

गावकरांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. "पावण्या, तुजें उद्यां खंय रावलां रे? वाटेर बसलां काय?"

तुझं उद्या कुठे अडलं, वाटेत बसलं का, हे ऐकून सगळे हसले. गाडी काही मिळाली नाही.

तरी गावकरांच्या मनात राग राहिला असेल म्हणाल, तर नाही. सुगी झाली की वाडीचे लोक देवासमोर जमतात. आमचा देव म्हणजे मोठ्या झाडाखाली तीन दगड. गावकर हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकेका घराचं सुखदुःख देवाला मोठ्याने सांगतात. अमक्याची गाय सापडू दे, तमक्याच्या सुनेला मूल होऊ दे. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मध्ये कुणी बोलायचं नाही. बोललं तर देवाचं ध्यान चुकतं.

आणि सगळ्यांत शेवटी आमचं घर यायचं. दर वर्षी, शब्द न् शब्द तोच:

"रे देवा म्हाराजा! ह्यो जो पावणो खानापुराकडसून आयलो आसा, चार दिस तुजे सावळेक रावलो आसा, ताका सांबाळ, आनी ताका ताच्या घरा सुखरूप पावय रे म्हाराजा!"

सावळेक रावलो म्हणजे सावलीत राहिला, पावय म्हणजे पोचव. "व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडायची. लहानपणी मीही ओरडायचो. आपण कुणाला कुठे पोचवायला सांगतोय, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं!

* * *

मॅट्रिक होऊन मी पुण्याहून आलो तो मागच्या चैत्रात. पुण्यात आठ वर्षं काढली होती. ट्रंकेत पुस्तकं होती आणि डोक्यात त्याहून जास्त. खेड्यात परत जा, असं व्याख्यानांत ऐकायचो. टाळ्या सगळे वाजवायचे, जायचं कुणीच नाही. मी ठरवलं होतं, मी जाणार. आगगाडीत लोंड्यापर्यंत एकाच वाक्याची रिहर्सल केली.

आप्पा स्टेशनवर न्यायला आले होते. ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली. मी छाती फुगवून म्हणालो, "आप्पा, मी नोकरीच्या मागे लागणार नाही. मी आपल्या गावाची सेवा करणार. शाळा काढणार!"

आप्पांनी ट्रंक खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाबास रे माझ्या गणू! याच दिसासाठी तुला धाडला हुता."

पुढचे दोन मैल ते एकटेच बोलत होते. विहिरीशेजारची जागा शाळेला कशी बरी, मोठ्या चिंचेखाली पोरं कशी मावतील, काकांचा ओटा पहिल्या वर्षी कसा चालेल. आमच्या वाडीत विहीर नाही आणि चिंचही नाही. हे लक्षात यायला मला दोन मैल लागले!

"आप्पा," मी हळूच म्हणालो, "गाव म्हणजे... हे. आपली वाडी."

ते थांबले. इकडेतिकडे बघितलं, जणू वाटेत काहीतरी पडलंय.

"हे? हे कुटं गाव हाय? हे जंगल हाय!"

मग ते पुढे चालू लागले. ट्रंक मात्र माझ्याकडे दिली.

* * *

मी हरणार थोडाच! आठ दिवसांनी देवाच्या झाडाखाली लोकांना जमवलं आणि व्याख्यान दिलं. ज्ञानाचा प्रकाश, अज्ञानाचा अंधार, ग्रामोन्नती, सगळं काढलं. तासभर बोललो. लोक एकटक बघत होते. मला वाटलं, जिंकलं!

माझं झाल्यावर गावकर उठले. "बरें सांगलें. आतां आमचे भाशेन सांग."

लहानपणी त्यांच्या पोरांशी बोलायचो ती भाषा आठ वर्षांत पुण्याच्या नळाच्या पाण्यात वाहून गेली होती. सगळ्यांनी मागे बघितलं. मागे आप्पा उभे होते, "मी आपला जाता जाता थांबलोय" अशा चेहऱ्याने.

"पावण्या, तूं सांग."

आप्पांनी घसा साफ केला आणि अस्सल कुणब्यांच्या बोलीत सांगितलं, "भुरग्यांक धाडा. हो बरोवपाक शिकयतलो. फॉरेस्टवालो कागदार आंगठो मारपाक सांगता, तेन्ना कागदार किदें आसा तें तरी कळटलें."

म्हणजे, पोरांना पाठवा, हा लिहायला शिकवील. जंगलखात्याचा माणूस अंगठा मागतो तेव्हा कागदावर काय आहे ते तरी कळेल. बस! लोकांनी माना हलवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं हजर!

मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, तुम्हाला यांची बोली इतकी येते!"

"कुटं येतीया? उगं कामापुरती."

* * *

शाळा भरली ती जंगलाच्या फणसाखाली. अकरा पोरं. त्यात गावकरांची नात शेवंती. मुलगी शाळेत आली म्हणून मी पुण्याच्या मित्रांना लगेच पत्र धाडलं.

मृगाने फणसाखाली तळं केलं. कोरडी जागा एकच, गाडीचं छप्पर.

"गाडी बाहेर काढायची न्हाई," आप्पा म्हणाले. "पावसानं चाक फुगलं तर निघायच्या टायमाला काय करू?"

"मग पोरं गाडीत बसवू?"

त्यांनी गाडीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. "बसव. सामान समजतो."

तर आमची शाळा गाडीत भरू लागली! अकरा पोरं दाटीवाटीने आत, मी दांडीवर बसलेला, आणि सगळ्यांचं तोंड खानापूरकडे. जाणारे-येणारे थट्टा करायचे. गावकर तर रोज विचारायचे, "मास्तर, शाळा खंय पावली?" म्हणजे कुठवर पोचली.

पोरं ओरडायची, "लोंड्याक!"

दुसऱ्या दिवशी, "खानापुराक!"

एकदा गोठ्यातून आवाज आला, "अरं, लोंड्यानंतर आदी गुंजी लागतं! भूगोल शिकवतोस का काय शिकवतोस?"

त्या दिवसापासून भूगोलाचा तास आप्पांचा. धार काढता काढता ते वाट सांगायचे: नाला कुठे, चढ कुठे, कुठल्या वळणावर मारुतीचं देऊळ, मग विहीर, मग ती चिंच. कुणब्यांच्या अकरा पोरांना माझ्या वडिलांचं गाव तोंडपाठ झालं. शेवंतीने पाटीवर चिंच काढली, तर आप्पांनी हात धुऊन येऊन तिची एक फांदी दुरुस्त केली.

* * *

दिवाळीनंतर पत्र आलं. पत्र आप्पांच्या हातात पडलं आणि त्यांना वाचता येत नाही. मी ओढ्यावर गेलो होतो. आप्पांनी शेवंतीला गाडीतून खाली उतरवलं.

"वाच गं बाय."

मी ओढ्यावरून वर आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि मधोमध शेवंती एकेक अक्षर लावून वाचत होती. खानापुरातल्या एका शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र. मी पुण्यात असताना केलेला जुना अर्ज त्यांना सापडला होता. साहाय्यक शिक्षकाची जागा. महिन्याभरात होकार कळवावा.

माझ्या शाळेत वाचायला शिकलेल्या पहिल्या मुलीने शाळा बंद करायचा कागद वाचला, आणि तोही एकही चूक न करता! मला अभिमान वाटावा की रडू यावं, कळेना.

आप्पांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "ऐकलंस गणू? निघायचं!"

शेवंतीने गूळ खाल्ला नाही. मला विचारलं, "मास्तर, गाडी आतां खरीच वतली?" वतली म्हणजे जाणार.

ज्ञानाच्या प्रकाशावर तासभर बोलणारा मी, मला "नाही" एवढा एक शब्द आला नाही. "बघू" म्हणालो. वडिलांचं तीस वर्षांचं उद्या एका शब्दात मोडायचं कसं?

* * *

आप्पांनी ठरवलं, आधी आपण दोघांनी जाऊन घराची जागा बघून यायचं, मग सगळ्यांनी निघायचं. गाडी जुंपली. चाकं हलेनात! तीस वर्षांचं वंगण, पण फिरायची सवयच नव्हती. शेवटी पोरांसकट वाडीतल्या पंधरावीस जणांनी मागून रेटा दिला. आपणच आपली शाळा ढकलून देतोय, हे पोरांना माहीत होतं. तरी ढकलत होती.

आईने काकूसाठी टोपलीभर कोन दिला. कोन म्हणजे आमच्याकडचा कंद, हातभर लांब, मातकट. आमच्या वाडीत लग्न जमवायला जातानासुद्धा कोन नेतात.

तिसऱ्या दिवशी गावात पोचलो. मारुतीचं देऊळ होतं, विहीर होती, चिंच नव्हती. "कवाच पडली," कुणीतरी म्हणालं. काकांनी पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, रांगोळी घातली. काकू पदर सावरून म्हणाली, "पावणं, सावकाश होऊ द्या."

आप्पांचा घास हातातच राहिला. तीस वर्षं त्यांनी अभिमानाने मिरवलेला शब्द. पण तो इथेही ऐकावा लागेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना त्यांनी भातावर सोलांची कढी मागितली. चुलतभाऊ एकमेकांकडे बघून हसले. "सोलं? ती जंगलाकडची खातात!" संध्याकाळी बैलांना पाणी पाजताना आप्पा त्यांच्याशी कुणब्यांच्या बोलीत बोलले, तर गल्लीतली पोरं गोळा होऊन ऐकत बसली. आणि टोपली? काकूला वाटलं, ही कसली तरी मुळं, जनावरांसाठी आणली असतील. तिने सगळा कोन म्हशीला घातला!

जागेचा विषय आप्पांनी काढलाच नाही. काका प्रेमळच माणूस. पान लावत सहज म्हणाले, "मग दादा, निघनार कवा?"

आप्पा म्हणाले, "उद्या."

तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं उद्या दुसऱ्याच दिवशी आलं.

परतीच्या वाटेवर दोन दिवस ते नुसते बैल हाकत होते. जंगल सुरू झालं तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हशीनं तरी आवडीनं खाल्ला का रं?"

घरी आल्यावर बैल सरळ छपरात शिरले. आप्पांनी जू काढलं आणि आत गेले. गाडी वळवून लावली नाही. दांडी भिंतीकडे, खानापूरकडे पाठ. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. हेडमास्तरांच्या पत्राला उत्तर द्यायला चार दिवस उरले होते, आणि आप्पांना काय हवंय ते मला अजून कळलं नव्हतं.

* * *

त्या चार दिवसांतच देवाचं गाऱ्हाणं आलं.

सकाळी सगळी वाडी झाडाखाली जमली. आप्पा नेहमीसारखे मागे, पाहुण्यांनी उभं राहावं तिथे. गावकरांनी नारळ घेतला. अमक्याची गाय, तमक्याची सून, एकेक घर झालं. "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" गाडीत बसणारी अकरा पोरं एका ओळीत उभी होती, आणि त्यांचा आवाज दर घराला बारीक होत होता. शेवटचं घर कुणाचं, हे त्यांना माहीत होतं.

गावकरांनी खाकरून आवाज चढवला.

"रे देवा म्हाराजा! ह्यो जो पावणो खानापुराकडसून आयलो आसा, चार दिस तुजे सावळेक रावलो आसा, ताका सांबाळ, आनी ताका ताच्या घरा सुखरूप पावय रे..."

"पावलो!"

गाऱ्हाण्यात मध्ये कुणी बोलत नाही. माणसं दचकून मागे वळली. आप्पा हात जोडून उभे होते, डोळे मिटलेले.

"पावलो रे म्हाराजा," ते म्हणाले. "पावलो!"

गावकरांच्या हातातला नारळ तसाच वर राहिला. त्यांनी देवाकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. तीस वर्षं जे म्हणत आलो त्याच्या पुढे काय म्हणायचं, ते त्यांच्याही वडिलांनी त्यांना शिकवलं नव्हतं.

आणि मग त्या ओळीतून शेवंतीचा आवाज आला, एकटीचा, गळा ताणून:

"व्हय म्हाराजा!"